म्हशीमार्फत

लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला घरचे नियम सांगितले. दूध उतू जाऊ द्यायचं नाही, दिवेलागणीला केर काढायचा नाही आणि जेठांशी बोलायचं नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडच्या जुन्या शेतकरी घरांत सून जेठासमोर तोंडावर पदर ओढते, त्याच्या वाटेतून बाजूला होते आणि त्याच्याशी थेट एक शब्द बोलत नाही. मी डी.एड. झालेली, कॉलेजात वक्तृत्वाची ढाल मिळवलेली. पहिले दोन नियम मी चार दिवसांत शिकले. तिसऱ्यासाठी जिभेला बरीच वेसण घालावी लागली.

पण कुठल्याही नियमाला पळवाट असतेच, आणि ती बायकाच शोधतात. जेठांना सांगायचं ते जेठांना सांगायचं नाही, खांबाला सांगायचं. किंवा दाराला. 'खांबा रे, चहा निवी ऱ्हायना,' असं म्हटलं की दहा पावलांवर बसलेले जेठ उठून चहा घेतात. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. एकाच घरात राहून एकमेकांशी न बोलता वर्षानुवर्षं संसार चालतो, आणि खांब बिचारा सगळं ऐकून घेतो.

मला जेठ दोन. मधले सुरतेला कापडाच्या मार्केटात नोकरीला, दिवाळीला येतात. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते विम्याचा ऑनलाइन फॉर्म घेऊन आले. भरणार कोण, तर मी. 'खांबा रे, आईचं नाव विचार. खांबा रे, मोबाइलवर ओटीपीना आकडा उना का ते विचार.' पंधरा मिनिटांत सासूबाई कंटाळल्या. म्हणाल्या, "बोल वं माय, डायरेक बोल त्यासंगे. खांबना जीव जाई." त्या दिवसापासून मधल्या जेठांशी माझं बोलणं सुरू झालं. आता तर ते सुरतेहून फोन करून माझ्याकडून गावच्या बातम्या घेतात, आणि मी त्या तिखटमीठ लावून देते.

थोरल्या जेठांच्या बाबतीत 'बोल वं माय' असं कोणी म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

थोरले जेठ, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, त्यांचा मुक्काम गोठ्यात. घराच्या मागच्या अंगणात गोठा, गोठ्याला लागून ओटा, ओट्यावर त्यांची खाट. दोन म्हशी आणि ते, असं तिघांचं वेगळं घरच म्हणा ना. गोठ्यात खांब आहेत, पण भुरी म्हैस दाराच्या तोंडाशीच बांधलेली, तेव्हा माझा सगळा पत्रव्यवहार तिच्यामार्फत सुरू झाला.

आता दादांचं सांगते. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. नारळाला डोळे, नथ, साडी, सगळा साजशृंगार. रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. त्या वेळी गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगात येतं. एरवी नवऱ्यापुढे ब्र न काढणारी बाई केस मोकळे सोडून सगळ्या भाऊबंदांना एकेक करून झाडते, आणि झाडून घेतलेले लोक तिच्या पाया पडतात. सोमवारी दुपारी तीच बाई नळावर भांडी घासताना दिसते. तिला कोणी दवाखान्यात नेत नाही. दादांचं बिनसलं ते इतकंच, की एकोणिसाव्या वर्षी सगळं गाव देवीला नदीवर पोचवून परतलं आणि दादांबरोबर देवीही परत आली.

ती मग जाईना. सासूबाई सांगतात, आठ दिवस दादा झोपले नाहीत. कानबाई म्हणते आंघोळ करू नको, पाण्यात कोणीतरी काही टाकलंय. कानबाई म्हणते भाकरी खाऊ नको. कानबाई म्हणते डोळा लागू देऊ नको, मी एकटी पडेन. भगत झाले, दर्गा झाला, उतारे झाले. गावातले लोक आधी नमस्कार करायचे, मग हसायचे, मग बोलायचेच बंद झाले. शेवटी बऱ्याच वर्षांनी कोणीतरी शहाद्याच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. त्यांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं. घरात मात्र आजही 'दादानं डोकानं', म्हणजे दादाचं डोक्याचं, एवढंच म्हणतात, आणि तेवढ्यात भागतं.

गोळ्या सुरू झाल्या तसे दादा हळूहळू रांगेला लागले. मी आले तेव्हा ते पाचला उठून दोन्ही म्हशी पिळायचे, दूध डेअरीत घालायचे, चारा कापायचे, दुपारी पपईच्या बागेतले ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवून यायचे. खरं सांगायचं तर आमच्या घरात वेळेवर उठणारा माणूस तेवढाच. दुधाला बोट लावून फॅट सांगायचे आणि डेअरीचं मशीन त्यांना दुजोरा द्यायचं. कानबाई अधूनमधून काही बोलायची म्हणे, पण दूध काढण्याच्या आड येत नव्हती.

गोळी रात्रीच्या जेवणानंतरची. ती देण्याचं काम सासूबाईंचं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचे गुडघे गेले, अंगणाची पायरी उतरवेना, आणि गोळी माझ्याकडे आली. दिवेलागणीला ताट घेऊन मी गोठ्याच्या दाराशी जायची, नाकापर्यंत पदर ओढून टोक दातांत धरायची, ताट ओट्याच्या टोकाला ठेवायची आणि म्हशीला म्हणायची, "माय, तुन्हा मालकले सांग, जेवण ठेवं शे. वाटीमा गोयी शे. पानीसंगे ल्या म्हना." आमच्याकडे गोळीला गोयी म्हणतात. म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची. मी मागे फिरायची. न्हाणीच्या आडोशाला जरा थांबून पाहायची, तर दादा निमूट जेवत, गोळी घेत आणि मग उठून म्हशीला दोन्ही हातांनी नमस्कार करत. शेतकरी माणूस, जनावराला नमस्कार करणारच. मला कौतुक वाटायचं. ज्या माणसाला सासूबाई अर्धा अर्धा तास विनवायच्या, तो माझ्या एका वाक्यात गोळी घेतो, म्हणून मी मनातल्या मनात आणखी एक ढाल मिळवली होती.

मग मी जरा सुटलेच. म्हशीला आणखी काय काय सांगू लागले. माय, मालकना पाय फाटेल शेतस, तेल लाव म्हना. माय, आज थंडी शे, दुसरी गोधडी ल्या म्हना. जे सांगे ते होई. नवऱ्याला मी थेट, पदराशिवाय आणि मोठ्याने सांगते, ते त्यातलं निम्मंही ऐकत नाहीत.

दर दोन महिन्यांनी दादांना शहाद्याला नेण्याचं काम आमच्या ह्यांचं. मागच्या हिवाळ्यात त्याच दिवशी पपईची गाडी भरायला व्यापारी आला, तेव्हा मला जावं लागलं. सासूबाई सोबत होत्या, पण डॉक्टर बसतात एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. सासूबाई जिन्याकडे बघून खालीच बाकावर बसल्या. वर गेलो आम्ही दोघं. पुढे दादा, मागे पाच पायऱ्या सोडून मी, तोंडावर पदर ओढून.

डॉक्टर नगरकडचे, नवे नाहीत, पण मला पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी विचारलं, झोप कशी आहे? मी टेबलावरच्या पेपरवेटला म्हटलं, "झोप चांगली आहे." भूक? मी पेपरवेटला सांगितलं, भूक चांगली आहे. डॉक्टरांनी एकदा पेपरवेटकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि दादांना हळूच विचारलं, "ह्या बऱ्या आहेत ना?"

दादांना ते डॉक्टर आवडतात. एकदा त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं म्हणे, देव खरंच बोलतो का? डॉक्टर म्हणाले होते, ते माझ्या खात्यात येत नाही. आंघोळ, जेवण, झोप आणि काम, एवढं माझं खातं. त्यामुळे दादा त्यांच्यापासून काही लपवत नाहीत.

"दूध काढता ना दादा?"

"काढस ना."

"आणि कानबाई?"

"बोलस. रोज बोलस." दादा खुशीत होते. "पहिले कायबी बोले. आते शानी व्हई गयी. संध्याकायले येस, गोयी ले सांगस, चालनी जास."

डॉक्टर पुढे सरकले. "रोज? एकही दिवस खाडा नाही? कुठून येतो आवाज?"

"म्हसमातून."

डॉक्टर लिहू लागले. मी पदराआड हसू दाबलं. बिचारे दादा, म्हैस बोलते म्हणे.

"आणखी काय काय सांगते?"

"पायले तेल लाव म्हने. दुसरी गोधडी ले म्हने."

गोधडीचं मी मंगळवारी सांगितलं होतं.

बाईमाणूस पदर तोंडात धरून बोलते, तेव्हा आवाज तिचा राहत नाही, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. त्यात अंधारून आलेलं, मी म्हशीच्या आड उभी, आणि सुरुवात 'माय' अशी करणारी. ज्या माणसाला देवीचा आवाज कुठूनही येतो, त्याच्या गोठ्यात मी तीन वर्षं रोज संध्याकाळी जाऊन म्हशीच्या पाठीमागून आज्ञा सोडत होते. ते नमस्कार म्हशीला नव्हते. ते मला होते, आणि मी कौतुक बघत उभी!

डॉक्टर म्हणाले, "औषध चालू असून रोज आवाज येतोय, आता तर हुकूम द्यायला लागलाय. हे बरं नाही. आपण डोस वाढवू, दुप्पट करून बघू."

दुप्पट डोस काय करतो ते मला ऐकून माहीत होतं. माझ्या लग्नाआधी एकदा वाढवला होता. दादा दिवसचे दिवस झोपून राहिले, हातातून घास पडायचा, लाळ गळायची. म्हशी दुसऱ्याच्या हाताला दूध देईनात आणि शेवटी आटल्या. त्यातून पुन्हा गोठ्यात उभे राहायला त्यांना वर्ष लागलं होतं. मी आत्ता गप्प बसले तर ते सगळं पुन्हा. आणि बोलले तर? ज्या देवीच्या शब्दावर ते गोळी घेतात, ती देवीच नाही असं कळल्यावर ते गोळी कशाला घेतील? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलं होतं.

मी पेपरवेटला म्हटलं, "डॉक्टर, ती कानबाई मीच आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग खण उघडून एक कोरा केसपेपर काढला आणि अगदी मऊ आवाजात मला विचारलं, "किती दिवसांपासून?"

तो कागद माझ्यासाठी होता हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी पदर वर सारला आणि एका दमात सगळं सांगितलं, खांब, म्हैस, गोळी, गोधडी, सगळं. दादा माझ्याकडे वळून बघत होते. त्यांनी माझं तोंड कधी पाहिलं नव्हतं, निदान असं समोरून नाही. माझं बोलणं संपलं तसे ते डॉक्टरांकडे वळले आणि काळजीपूर्वक म्हणाले, "साहेब, हाऊ आवाज तुमले बी आयकू येस का?"

"मला पण येतो, दादा," डॉक्टर म्हणाले. "खरा आहे."

आवाज आला की शेजारच्याला विचारून खात्री करायची, ही युक्ती डॉक्टरांनीच त्यांना शिकवली होती, हे मला नंतर कळलं. त्या घडीला मला फक्त रडू आलं. डॉक्टर हसले नाहीत. डोस तोच ठेवतो म्हणाले. पण गोळी चुकता कामा नये, आठवडाभर चुकली तर लगेच घेऊन या. आणि यापुढे म्हशीला मध्ये घालू नका.

त्या संध्याकाळी मी ताट घेऊन गेले. म्हशीकडे पाठ केली आणि "दादा, गोयी ल्या" एवढं म्हणून घाईघाईने परत आले. आडोशाला थांबले. दादा जेवले, मग वाटी हातात घेऊन म्हशीसमोर उभे राहिले आणि वाट बघत राहिले. म्हशीने शेपटी हलवली, दुसरं काही नाही. दादांनी वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, आणि त्या दिवशी आंघोळही नाही. भाकरीचे तुकडे करून ते एकेक वास घेऊन बाजूला ठेवत होते. कोपऱ्याकडे बघून हळूहळू काहीतरी पुटपुटत होते. आता त्या कोपऱ्यातून जे काही बोलत होतं ते मी नव्हते.

घरात मला दोन्हीकडून ऐकावं लागलं. हे म्हणाले, "परत उभी ऱ्हाय ना म्हसमांगे, काय बिघडस? एक वाक्य त बोलनं शे." सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलीसन गोयी पोटमा जास ना, मंग कानबाई बी माफ करी तुले." दोघांचंही खोटं नव्हतं. मी स्वतः तिसऱ्या संध्याकाळी पदर तोंडात धरून म्हशीआड उभी राहिले होते. 'माय' हा शब्द ओठांवर आलाही होता. पण दादा त्या बाजूला कान देऊन असे बसले होते, इतक्या विश्वासाने, की मला माझीच लाज वाटली. तशीच परत आले.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला म्हशी हंबरत होत्या आणि दादा डोक्यावरून गोधडी घेऊन पडलेले. दूध काढायला हे गेले. भुरीने त्यांना हुंगलं, माणूस ओळखला आणि अशी लाथ झाडली की बादली एकीकडे, हे शेणाच्या पाटीत. एरवी मी आठवडाभर हसले असते. त्या दिवशी बादली धुताना मी दिवस मोजत होते. डॉक्टरांनी दिलेला आठवडा अर्धा संपला होता.

संध्याकाळी मी ताट घेऊन गेले ती ओट्याच्या टोकाला थांबले नाही. खाटेपर्यंत गेले. पदर डोक्यावर ठेवला, तोंडावरून काढला.

"दादा, उठा. गोयी ल्या."

त्यांनी गोधडी खाली केली. मग म्हणाले, "कानबाईनी सांगं नई."

"ती नई सांगाव. ती तीन वरीसपाईन सांगतच नव्हती. मी सांगी ऱ्हायनू. आते बी मीच सांगस."

दादा उठून बसले. माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

"तू मधलासंगे बोलस," ते म्हणाले. "फोनवर हासस. आठे आयकू येस माले. मन्हासंगे अकरा वरीसमा एक सबद नई."

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. रीत आहे दादा, तुम्ही थोरले, तुमचा मान राखणं माझा धर्म. पण मधलेही थोरलेच होते, आणि त्यांच्यासाठी ती रीत एका फॉर्मवर मोडली होती. या माणसासाठी मात्र मी अकरा वर्षं ती जपून ठेवली, कारण ती माझ्या सोयीची होती. ताट टोकाला ठेवून पळून येता येत होतं आणि वर मान दिल्याचं पुण्यही पदरात पडत होतं. सगळं गाव त्यांच्याशी बोलायचं थांबलं होतं. मीही त्या गावातलीच एक, फक्त डोक्यावर पदर असलेली.

"माले तुमना भ्याव वाटे," मी म्हटलं.

त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी मान हलवली, दुधाचा फॅट बरोबर निघाल्यावर हलवतात तशी.

"माले बी वाटे," ते म्हणाले. "मन्हाच."

मग त्यांनी हात पुढे केला. मी वाटीतली गोळी त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या दिला. त्यांनी गोळी घेतली, तोंड पुसलं, म्हशीकडे बघितलंही नाही. मी ताट पुढे सरकवून निघाले तर म्हणाले, "सकाय बी तूच येशी ना?"

आमच्या बोलीत सकाय म्हणजे उद्या. मी म्हटलं, "येसू ना."

"गोयीनं नई सांगं तरी चाली," दादा म्हणाले. "मी लेसू ना. तू दुसरं काहीबी सांगजो."

मी परत वळले, खाटेसमोर गव्हाणीच्या कडेवर बसले आणि सकाळी म्हशीने त्यांच्या धाकट्या भावाला लाथ कशी मारली ते पहिल्यापासून सांगायला घेतलं.